खांद्यातलं माहेर

माझा उजवा हात आता नेहमीच माझं ऐकतो असं नाही, हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि बारसं रविवारवर येऊन ठेपलं होतं.

मल्लू माझा धाकटा भाऊ. त्याच्या बायकोला, प्रणालीला, बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांचे उंबरे झिजवून झिजवून, मुलगी झाली होती. आत्या मी एकटीच. आमच्याकडे बाळाला पाळण्यात निजवण्याआधी दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि बाळ एकदा पाळण्याखालून, एकदा वरून एकमेकींच्या हातात देतात. या वेळी एका बाजूला प्रणालीची आई, दुसऱ्या बाजूला मी. नंतर बाळाच्या कानात नाव सांगायचा मानही माझाच.

"अक्का, तुम्ही असताना दुसऱ्या कुणाच्या हातात देणार?" प्रणाली म्हणाली होती. मी हसले. पदराआड उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता, तो तिला दिसला नाही.

ही भीती कसली, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी भाकरीवाली. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा भावाच्या घरी वरच्या खोलीत येऊन राहिले आणि सोलापुरातल्या एका भाकरी केंद्रात कामाला लागले. यंत्रानं भाकऱ्या निघायला लागून जमाना झाला, पण हातानं थापलेल्या कडक भाकरीचं गिऱ्हाईक दुबईपासून टोरांटोपर्यंत पसरलेलं. त्या गिऱ्हाइकाला भाकरी दिसते, थापणारीचा खांदा दिसत नाही. पीठ मळून, रगडून, थापून आमच्यातल्या निम्म्या जणींचे खांदे कामातून गेले होते. केस विंचरायला हात वर जाईना. ब्लाउजची पाठीमागची हुकं लावायला शेजारीण शोधावी लागायची.

आम्हाला तपासणाऱ्या डॉक्टर इरावती गुमास्ते. आवाज मऊ, हात त्याहून मऊ. त्यांनीच पहिल्यांदा समजावलं. खांदा म्हणजे उथळ वाटीत ठेवलेला चेंडू; तो घरंगळू नये म्हणून चार स्नायूंच्या दोऱ्या त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतात. त्यातली वरची दोरी वर्षानुवर्षं घासून उसवते, मग फाटते. फाटलेली दोरी हाडाला परत शिवता येते, पण कितीतरी जणींची शिवण पुन्हा उसवायची, आणि ती का उसवते हे डॉक्टरांना कळत नव्हतं.

म्हणून त्यांनी एक वेगळाच घाट घातला. इलाज आम्ही ठरवून तुमच्या गळ्यात मारणार नाही, म्हणाल्या. तुम्ही आणि आम्ही एकत्र बसून ठरवू. त्याचं नाव सहविचार मंडळ. गोल टेबल, चहा, बिस्किटं. चार डॉक्टर, दोन इंजिनिअर आणि आम्ही दहा-बारा बायका, आपापले खांदे घेऊन. पहिल्या बैठकीत सगळ्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. डॉक्टरांपुढं काय बोलायचं? विचारलं की "बरं आहे" म्हणायचं आणि उठायचं, एवढंच ठाऊक.

तोंड उघडलं ते जगदेवी मावशीनं. आमच्या रांगेतली सगळ्यात जुनी बाई.

"डॉक्टरीणबाई, तुमी म्हणता सहा आठवडे हात वापरायचा न्हाई. आमच्या घरला येऊन सांगता का? माझी सून म्हणती, आत्ती, नुसतं पीठ मळून द्या. नवरा म्हणतो, एक तांब्या उचलायला काय हुतंय. मी न्हाई म्हटलं की मी आळशी. तुमी असं काही तरी करा की न्हाई म्हणायचं काम मला न करता खांदाच करंल."

डॉक्टर गुमास्ते लिहिता लिहिता थांबल्या. शिवण का उसवते याचं उत्तर त्यांना त्या दिवशी मिळालं.

वर्षभरानं जे तयार झालं ते कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ होतं. शिवलेल्या दोरीवर ते चिकटवायचं, झालं. त्यामागचं विज्ञान असं. नको असलेलं किंवा धोक्याचं वाटणारं काम करताना माणसाचे स्नायू हात हलायच्या आधीच आवळतात. मनाला भीती कळण्याआधी खांद्याला कळते. त्या आवळण्यानंच कच्ची शिवण फाटते. पापुद्रा ती आवळणारी वीज ओळखतो आणि नसेला उलट एक बारीक झटका देतो. दुखत नाही. फक्त स्नायू ढिला पडतो आणि हात आपोआप खाली येतो, मालकिणीची परवानगी न घेता.

हॉस्पिटलनं त्याचं नाव ठेवलं स्कंधरक्षक. आम्ही त्याला माहेर म्हणायला लागलो, कारण बसून राहिलं तरी बोल लागत नाही अशी जागा आमच्या माहितीत तेवढी एकच.

दोन गोष्टी आम्ही बायकांनी मागून घेतल्या. एक मावशीनं: "केंद्रात एकीचा हात भाजला की रांगेतल्या बाकीच्या सावध होत्यात. तसंच ह्याचं करा. एकीच्या खांद्याला कळलं की सगळ्यांच्या खांद्यांना कळू दे." इंजिनिअर पोरं खूश झाली. रोज रात्री सगळे पापुद्रे दिवसभरात शिकलेलं एकमेकांना सांगतील अशी सोय त्यांनी केली. साधी भीती थोडी थोडी साठून मगच बाकीच्यांना पोचणार, मोठी भीती एकीला एकदा वाटली तरी पुरणार.

दुसरी गोष्ट माझी. डॉक्टर म्हणत होत्या, बंद करायचं बटन हवं. मी म्हटलं, "बटन ठेवलंत तर ते आमच्या हातात राहील असं वाटतं का तुम्हाला? ते नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हातात जाईल. आणि तुमच्याकडं ठेवलं तर ती माणसं तुमच्या दारात येऊन बसतील." शेवटी ठरलं ते असं: बटन नाही. कुलूप. मंडळातल्या निम्म्याहून जास्त जणींनी अंगठा लावला तरच ते उघडणार. एकट्या डॉक्टरांना नाही, एकट्या बाईला नाही, घरच्यांना तर नाहीच नाही.

मी अजूनही म्हणते, ते बरोबर होतं. पहिल्या वर्षी तर आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला. मावशीच्या सुनेनं परात पुढं सरकवली, मावशीनं हात उचलला, हात टपकन खाली. सुनेचं तोंड बघण्यासारखं झालं म्हणे. "मी काय करू बाई, खांदा न्हाई म्हणतोय!" शहरातल्या हजारेक बायकांच्या शिवणी शाबूत राहिल्या. खांदे भरले. आम्ही सावकाश कामावर परतलो, भाकऱ्या थापायला लागलो आणि आता दुखत नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती, म्हणून पापुद्राही गप्प होता. सगळं कसं छान चाललं होतं.

मग बसचा दांडा आला.

त्या दिवशी मी स्टँडवर बसमध्ये चढत होते. रोजची बस, रोजचा दांडा. हात वर नेला आणि तो कोपरापाशीच ढिला पडला. परत नेला, परत पडला. मागून लोक ओरडायला लागले. मला दांड्याची भीती कधीच वाटलेली नव्हती, पण माझा खांदा घाबरला होता. डाव्या हातानं कशीबशी चढले आणि केंद्रावर आले, तर दारातच कळलं की आदल्या दिवशी आमच्या मंडळातली शाहीन बस पकडताना घसरली. सुटत्या बसचा दांडा तिनं धरला होता. ती घाबरली, आणि घाबरल्यामुळेच हातानं दांडा सोडून दिला. कपाळाला टाके पडले होते. आणि त्या सकाळी आमच्या रांगेतल्या एकीचाही उजवा हात बसच्या दांड्याला गेला नव्हता.

दुसऱ्या कुणाची तरी भीती माझ्या खांद्यात येऊन राहिली होती आणि मला पत्ताही नव्हता.

डॉक्टर गुमास्तेंनी तातडीनं बैठक बोलावली. त्यांचा चेहरा उतरला होता. "नको असलेलं काम आणि खरा धोका, दोन्ही वेळा स्नायू सारखेच आवळतात. पापुद्र्याला यातला फरक कळत नाही. कुलूप उघडू द्या, मी बटन बसवते."

मग मावशी म्हणाली, "दांडा डाव्या हातानं धरू की. त्यात काय." बटनाला विरोध असेल त्यांनी हात वर करा, असं ठरलं. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. उजवाच गेला, आणि तो मात्र एका दमात गेला. वर्षानुवर्षांनी मिळालेली विश्रांती एका दांड्यासाठी कोण परत करणार?

तर अशा खांद्यानं मला बारशाला उभं राहायचं होतं.

सांगून टाकावं असं रोज सकाळी वाटायचं. पण सांगितलं की आत्याचा मान दुसरीकडं जाणार, आणि मला तर स्वतःचं मूलबाळ नाही. ते बाळ मी अजून उजव्या हातानं घेतलं नव्हतं. डाव्या कुशीत घ्यायचे, बसूनच घ्यायचे, कुणाला संशय यायचा नाही. वरच्या खोलीत दार लावून मी तीन किलो ज्वारीचं पीठ दुपट्यात गुंडाळलं आणि सराव केला. खाली वाकून घेतलं, वरून घेतलं. हात दगडासारखा स्थिर. कितीदा तरी केलं. एकदाही पडला नाही. मनाला समजावलं, बघ, उगीच जीव टांगणीला लावून बसलीस.

पीठ पडलं तर पडलं, याची मला भीती नव्हती. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

रविवारी घर माणसांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली गव्हाची रास, घुगऱ्यांचा वास. आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवतात. तो मी घेतला. जड होता, तरी हात हलला नाही. प्रणालीच्या आईनं हसून मान डोलावली. मग बाळ. पहिल्यांदा खालून. ते मी जवळपास डाव्याच हातावर तोललं आणि निभावलं. परत दिलं. आता वरून.

पाळण्याच्या वर, दोघींच्या हातांच्या मधे, बाळानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या मनात आलं, ही पडली तर?

तेवढंच आलं. तेवढं पुरलं.

हात गेला. नुसता गेला. खांद्यापासून खाली तो माझा राहिलाच नाही. दुपटं सरकलं, बाळाचं डोकं खाली आलं, प्रणालीच्या आईच्या हातात एकच पाय राहिला. मी डावा हात मारला पण तो पुरला नाही. बायका किंचाळल्या. बाळ पाळण्याच्या कठड्याला निसटतं घासून आत गादीवर पडलं. क्षणभर आवाजच नाही. मग ते मोठ्यानं रडलं आणि मला रडणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

बाळाला काही झालं नव्हतं. कानाजवळ एक लाल ओरखडा, बाकी काही नाही. मल्लू माझ्याकडे बघत राहिला. प्रणालीनं बाळ छातीशी धरलं होतं. नाव सांगायचं राहिलं होतं, म्हणून मी दोन्ही हात पाठीमागं बांधून वाकले आणि त्या लाल ओरखड्याशेजारी तोंड नेऊन तीनदा म्हटलं, "शिवन्या."

पाहुणे जेवायला बसले तेव्हा मला दुसरी गोष्ट आठवली. आज रात्री पापुद्रे एकमेकांशी बोलणार. माझी ही भीती, आजवर कधी वाटली नव्हती एवढी मोठी, हजार खांद्यांत जाणार.

जिन्यात जाऊन मी डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"सुवर्णाताई, मला एकटीला त्यात काही करता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. दुसरी काही वाट?"

"रात्रीच्या आत अंगठे मिळाले तर कुलूप उघडून मला ते बंद करता येईल. नाहीतर..." त्या थांबल्या. "तीच हालचाल, त्याच बाळाला घेऊन, न घाबरता झाली पाहिजे. निदान दोन-तीनदा. मग पापुद्रा आधीचं पुसेल. पण मी तसं करा म्हणणार नाही. डॉक्टर म्हणून मी तसं म्हणूच शकत नाही."

मी मावशीला फोन लावला. तिनं होकार दिला तर बाकीच्या देणार, हे ठरलेलं.

"सुवर्णे, काय बोलायलीस तू?" मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "कुलूप एकदा उघडलं की परत लागत नसतंय. हितं घरची टपून बसलीत."

"मावशी, लेकरं आहेत गं सगळ्यांच्या घरात. तुझा नातू आहे."

"माझा हात माझ्या नातवाला सोडंल व्हय? तुझ्या मनात भ्या हुतं म्हणून तुझा पडला. माझ्या मनात न्हाई." आणि तिनं फोन ठेवला.

मग राहिली प्रणाली.

पाहुणे पांगल्यावर मी तिच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. पापुद्रा, दांडा, पीठ, सगळं. मल्लू ताडकन उभा राहिला. "अक्का, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? परत बाळ मागायलीस?"

प्रणाली माझ्याकडे रागानंच बघत होती, आणि तो राग खरा होता. मग तिनं पलंगावरच्या गाद्या ओढून खाली टाकल्या. त्यावर उशा, त्यावर दुलई.

"बसा," ती म्हणाली. "माझे हात खाली राहतील. तुम्ही मला आधी सांगितलं नाही, ते मी विसरणार नाही, अक्का. पण माझ्या पोरीपायी दुसऱ्या कुणाच्या घरचं लेकरू पडायला नको. घ्या."

अशी बाई माझ्या भावाला मिळाली, याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आणि तिथंच चुकलं. डोळे भरलेल्या माणसाचा खांदा न आवळता कसा राहणार?

मी हात पुढं केले. पीठ आहे, पीठ आहे, मनात घोकलं. पण पीठ काही इतकं ऊबदार नसतं. त्याला वेखंडाचा वास येत नाही. ते बोट धरत नाही. शिवन्यानं माझं बोट धरलं आणि खांदा ढिला पडला. प्रणालीनं झेललं. परत. या वेळी हात कोपरापर्यंतही आला नाही. परत. या वेळी तर उठलाच नाही. बाळाकडे नुसतं बघितलं तरी तो मांडीवर मेल्यासारखा पडून राहिला.

"पुरे," मी म्हणाले. पुसायला गेले होते, आणि तेच तीन वेळा गिरवून पक्कं केलं होतं.

प्रणालीनं बाळ उचललं. मल्लूनं गाद्या परत पलंगावर टाकल्या. कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागलं. उरलेला वेळ मी एकेकीला फोन लावत बसले. काहींनी उचलला नाही. काहींच्या मागून घरच्यांचे आवाज येत होते. त्या "उद्या बोलू" म्हणाल्या. शाहीन तेवढी म्हणाली, "आपा, मी देते अंगठा." एकटीचा अंगठा.

सकाळी फोन वाजला तेव्हा मी जागीच होते. जगदेवी मावशी. मागून पोराचं रडणं, जीव तोडून, हुंदका अडकेपर्यंत.

"सुवर्णे," ती म्हणाली. तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "पोरगं झोळीत रडायलंय. सून अजून रात्रपाळीवरनं आली न्हाई. मी वाकते, आन् हात उठंना गं. दोनदा वाकले. डाव्या हातानं उचलाया गेले तर निसटाया लागलं, म्हणून भ्याले, ठेवलं. आता उजवा त्याच्याकडं जातच न्हाई. काय करू?"

"शेजारच्या कुणाला तरी बोलाव," मी म्हणाले. "पुरुष असला तरी चालेल. लवकर."

"बोलावलंय. यायलेत." पोर रडतच होतं. मग तिनं विचारलं, आणि ती मलाच विचारत होती की आणखी कुणाला, ते मला कळलं नाही:

"मग पहाटेपासनं चुलीपुढं बसून एवढ्या भाकऱ्या थापल्या मी, एकदा बी हात खाली पडला न्हाई. त्यो कसा?"